दोन सिमचा संसार

जर्मनीत भाड्याचं घर मिळवायचं तर सकाळी उठल्याबरोबर नव्या जाहिराती बघून पहिल्या तासाभरात अर्ज टाकावा लागतो. त्यासाठी नेट हवं. घरात नेटची लाइन घ्यायची तर दोन वर्षांचा करार, करारासाठी तिथलं बँक खातं, खात्यासाठी नगरपालिकेत नोंदवलेला पत्ता, आणि पत्त्यासाठी घर. २०१८ च्या जानेवारीत मी कार्ल्सरुहेला पोचले तेव्हा या चक्रात शिरायला एकच फट होती, ती म्हणजे प्रीपेड सिम.

मी अकोल्याची. बडनेऱ्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकले, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि तिथून कार्ल्सरुहेला यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी करायच्या कामावर आले. चाचणीवाल्याचा लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला नसेल तर तो नुसता वजनाला. त्यात हे गाव असं, की जर्मनीत आलेला पहिला ईमेल ३ ऑगस्ट १९८४ रोजी तिथल्याच विद्यापीठात उतरला होता. त्या गावात खोलीच्या खिडकीत बसून मी शेजाऱ्यांच्या वाय-फायची नावं वाचत होते. सगळ्यांना कुलूप. तिथं कोणी पासवर्ड देत नाही, आणि त्याला कारणही आहे: आपल्या वाय-फायवरून दुसऱ्यानं चोरून सिनेमा उतरवला तरी नोटीस आपल्या नावावर येणार, अशी कायद्याची स्थिती २०१७ पर्यंत होती. कायदा बदलला, धास्ती काही गेली नाही. चौकात, हॉटेलात, स्टेशनवर फुकट नेट असेल ही माझी कल्पना पहिल्याच आठवड्यात निकालात निघाली.

माझ्या आधी गेलेले सांगत, की सिम तिथं किराणा दुकानात बटाट्यांच्या बाजूला टांगलेलं मिळतं. ते खरंच तसं मिळालं. पण ते सांगणारे जुन्या काळातले. १ जुलै २०१७ पासून दहशतवादविरोधी कायद्याच्या तरतुदीनं ओळख तपासल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू करायला मनाई झाली होती. म्हणजे पाकीट हातात, पण आत जीव नाही. ओळख पटवायचे दोन मार्ग होते. एक, व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करून त्याची चमक दाखवायची. नेट मिळवण्यासाठी आधी नेटवरून व्हिडिओ कॉल करायचा, हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा तरी भेटायला हवं. दुसरा मार्ग पोस्टाच्या खिडकीचा. मी पोस्टात गेले.

खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उघडला आणि अडल्या. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही तीन खणांची व्यवस्था. पासपोर्टात मात्र खण दोनच, त्यामुळे बाबांचं नाव माझ्या नावाच्या खणात जाऊन बसलेलं. ‘तुमचं रोजचं नाव यातलं कुठलं?’ त्यांनी विचारलं. मी पहिलं दाखवलं. ‘मग दुसरं?’ ते वडिलांचं, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे, पासपोर्टकडे आणि परत माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही लिहून टाकली. तेव्हापासून जर्मन टपाल खात्याच्या लेखी मी आणि बाबा एकच व्यक्ती आहोत.

सिम सुरू झालं. पॅकमध्ये चार आठवड्यांसाठी तीन जीबी. त्याच वेळी अकोल्यात बाबांच्या फोनवर दिवसाला दीड जीबी वाहत होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि आपल्याकडे नेटचा भाव पार कोसळला; ज्यांना फोनवर फोटो कसा उघडायचा ते ठाऊक नव्हतं तेही दोन वर्षांत रात्री गादीवर पडून कीर्तनं बघू लागले होते. मी नेट जपून वापरते म्हटल्यावर बाबा हसले. ‘एवढ्या मोठ्या देशात तुले नेट पुरत नाही म्हंते?’

फोनचं नेट लॅपटॉपला देणाऱ्यानं एक गोष्ट आधी समजून घ्यावी. फोन गरजेपुरतं घेतो, लॅपटॉपला वाटतं आपण भिंतीतल्या केबललाच जोडलेलो आहोत. विंडोजचं अपडेट, फोटोंची प्रत, कंपनीच्या फायलींची जुळणी हे सगळं तो न विचारता मागच्या दारानं ओढत राहतो. म्हणून हॉटस्पॉट जोडल्याबरोबर त्या जोडणीला ‘मीटर्ड’ म्हणून खूण करायची, मगच बाकी काही उघडायचं. कॉलेजात असताना अमरावतीत आम्ही यूएसबीचं डोंगल वापरायचो; ते खोचलं की लॅपटॉपला आधी सीडी दिसायची, त्या सीडीतून त्याचं सॉफ्टवेअर चढायचं आणि मग ते सोंग टाकून मोडेम व्हायचं. वेग गोगलगायीचा, पण किती नेट उरलं ते पडद्यावर कायम दिसायचं. त्या काळातली काटकसरीची सवय जर्मनीत उपयोगी पडली. घर मिळेपर्यंत मी संध्याकाळी ऑफिसातच थांबून अर्ज टाकत असे. पाच वाजता मजला रिकामा व्हायचा, झाडणारे यायचे, आणि मी खोल्यांचे फोटो बघत बसलेली असायची.

भारतातलं सिम रोमिंगवर का नाही वापरलं, असं पुष्कळ जण विचारतात. महाग तर ते आहेच, पण आणखी एक भानगड आहे. रोमिंगमधला डेटा बहुतेक वेळा आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यातून फिरून जातो. म्हणजे मी कार्ल्सरुहेत बसून दोन किलोमीटरवरच्या सर्व्हरला काही विचारलं, तर तो प्रश्न आधी भारतात येणार आणि उत्तर परत जाणार. मेल वाचायला चालेल, दूरच्या संगणकावर काम करायला नाही. युरोपात मात्र तिथल्या सिमची मजा आहे: १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार बंद झाला, त्यामुळे माझं किराणा दुकानातलं सिम ऱ्हाईन ओलांडून फ्रान्समध्येही त्याच भावात चालायचं.

श्रीमंत देश म्हणून रेंज सगळीकडे असेल ही दुसरी कल्पनाही फार टिकली नाही. कार्ल्सरुहेहून मुर्ग नदीच्या खोऱ्यातून ब्लॅक फॉरेस्टमध्ये ट्रॅम जाते. वळणावळणाला रेंज जायची आणि डब्यातली माणसं सवयीनं फोन खाली ठेवायची. २०१८ च्या नोव्हेंबरात तिथल्या आर्थिक व्यवहार मंत्र्यांनीच, पेटर आल्टमायर यांनी, गाडीतून परदेशी मंत्र्यांशी बोलणं नको म्हणून सांगितलं, कारण फोन सारखा तुटतो आणि लाज वाटते. त्याच महिन्यात संशोधनमंत्री आन्या कार्लिचेक यांनी ५जी काही प्रत्येक दुधाच्या कॅनपाशी पोचायची गरज नाही असं म्हटलं आणि खेड्यापाड्यांतून टीका ओढवून घेतली. मी ते वाचलं आणि मेळघाट आठवला. अमरावती जिल्ह्यातलं हरिसाल हे धारणी तालुक्यातलं गाव देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून २०१६ मध्ये गाजलं; मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं तिथं नेट आणलं गेलं. आणि त्याच मेळघाटात फोन लावायला टेकडी चढावी लागणारी गावंही होती. डोंगर, जंगल आणि तुरळक वस्ती एकत्र आली की टॉवर उभारणाऱ्याचा हिशेब कुठंही बसत नाही, मग देश जर्मनी असो की आपला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मी घरी आले. कंपनीनं कोरोनामुळे भारतातून काम करायची सूट दिली होती. मी पोचले आणि त्याच महिन्यात अमरावतीत आठवडाभराची टाळेबंदी लागली, अकोल्यातही निर्बंध आले. सगळ्या राज्याच्या आधी दुसरी लाट आमच्याकडे येऊन धडकली होती. आई-बाबा शहरातलं घर बंद करून गावी, कुरूमच्या बाजूच्या आमच्या जुन्या घरी जाऊन राहिले होते. मीही लॅपटॉप घेऊन तिकडे गेले. अकोल्यात केबलवाल्याचं ब्रॉडबँड होतं. गावी फक्त मोबाइलचं नेट.

सिम घ्यायला मूर्तिजापूरला गेले. आधार, अंगठा, फोटो, झालं. जर्मनीतलं पोस्ट आठवून मला हसूच आलं. दुकानदारानं मात्र मोलाचा सल्ला दिला. ‘ताई, कंपनी नका पाहू. तुमच्या घरून टावर कोन्ता जवळ हाये थे पाहा.’ आणि त्यानं विचारलं, घर धाब्याचं की टिनाचं? हा प्रश्न मला कार्ल्सरुहेत कोणी विचारला नव्हता, पण त्यात सगळं शास्त्र आहे. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. जास्त फ्रिक्वेन्सीची लहर पुष्कळ डेटा वाहते, पण जवळच्या जवळ. ८५० मेगाहर्ट्झ शेतापलीकडून येऊन मातीच्या भिंतीतूनही थोडीफार आत येईल, २३०० येणार नाही. टिनाचा पत्रा तर दोघींनाही परतवतो. आमच्या धाब्याच्या घरात फोनवर एक कांडी दिसायची, धाब्यावर गेलं की तीन. म्हणून नवं सिम घातलेला एक जुना फोन मी धाब्यावरच्या सावलीत, मडक्याच्या आडोशाला ठेवला आणि त्याचा हॉटस्पॉट खाली माझ्या खोलीत घेतला. ऊन वर चढलं की तो फोन तापून आपोआप बंद पडायचा. मग आई वर जाऊन त्याला ओल्या फडक्याखाली ठेवायची, आणि मी खालून ओरडायची की फडकं पिळून घे.

कांड्यांवर जाऊ नये, हे तिथं शिकले. कांडी सांगते लहर किती जोरात पोचते. टॉवरवर किती माणसं लटकलेली आहेत ते ती सांगत नाही. आमची गोची वेळेची होती. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. सात ते दहा या वेळात गावातली सगळी पोरं आयपीएल बघणार, बाया मालिका बघणार, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या मॅनेजरला मला पडदा दाखवून दोष समजावून द्यायचे. आवाज जायचा, चित्र अडकायचं. शेवटी आम्ही ठरवलं, की संध्याकाळी फक्त बोलायचं, चित्र बंद. चाचणीच्या मोठमोठ्या फायली मी पहाटे चारला उठून चढवायची. त्या वेळी टॉवर माझ्या एकटीचा असायचा. तेवढ्यात शेजारचे काका धारा काढायला उठत आणि खिडकीतल्या उजेडाकडे बघून विचारत, ‘काय वो बाई, रातभर जागून रायली का?’

कुलरचीही एक कथा आहे. मे महिन्यात वऱ्हाडात कुलरशिवाय दुपार निघत नाही, आणि आमच्या कुलरचा आवाज थ्रेशरइतका. कॉल आला की कुलर बंद. तासाभराच्या बैठकीनंतर मी आंघोळ केल्यासारखी उठायची. एकदा कुलर चालूच राहिला, तेव्हा पलीकडून एकानं काळजीनं विचारलं, तुमच्याकडे वादळ आहे का? हो म्हटलं. कारण दुसरं काही समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

वीज गेली की खरी परीक्षा. लॅपटॉपची बॅटरी चार तास, फोनची त्याहून जास्त. पण टॉवरचीही बॅटरी असते हे कोणाच्या लक्षात येत नाही. ती उतरली आणि डिझेलचं जनित्र सुरू झालं नाही की अख्ख्या परिसराची रेंज एकदम जाते. मग मी लॅपटॉप पाठीला लावून चुलतभावाच्या मागं गाडीवर बसून हायवेवर जायची. हायवेला वेगळ्या टॉवरची रेंज होती. या रस्त्यानं पुढच्या वर्षी विक्रम केला: जून २०२२ मध्ये अमरावती-अकोल्याच्या दरम्यान, लोणीपासून आमच्या बाजूच्या मानापर्यंत, ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता पाच दिवसांत होतो. रेंज मात्र शेतापलीकडच्या गावात वर्षानुवर्षं येत नाही.

२०२१ च्या नोव्हेंबरात अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली आणि शहरातलं इंटरनेट बंद करण्यात आलं. माझी एक मैत्रीण तिथून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. साधा फोन चालू होता. तिनं मला फोन करून आपल्या साहेबाचा ईमेल पत्ता अक्षर अक्षर सांगितला आणि मी तिच्या वतीनं लिहिलं, की बाई सुखरूप आहेत, पण नेट सुरू होईपर्यंत काम करू शकणार नाहीत. साहेबांचं उत्तर आलं: दुसऱ्या कंपनीचं सिम वापरून बघायला सांगा. पुण्यातल्या माणसाला नेट बंद म्हणजे रिचार्ज संपला एवढंच ठाऊक. सरकारनं नेट बंद करायचे नियम २०१७ मध्ये झाले होते, आणि असे आदेश जाहीर केले पाहिजेत, त्यांचा फेरविचार झाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं आहे. पण नेटवर पोट असलेल्या माणसाची त्या दिवसांची मजुरी कोणी भरून देत नाही, हे शांतता राखण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही ध्यानात घ्यायला हवं. २०२३ च्या मे महिन्यात अकोल्यात तेच झालं. तेव्हा मी परत कार्ल्सरुहेत होते, आणि आईचा आवाज ऐकायला साध्या परदेशी कॉलचे पैसे मोजत होते.

इतकी वर्षं दोन्हीकडे नेट शोधून माझं एक मत पक्कं झालं आहे. नेट कुठंही मिळतं. थोडं महाग, थोडं हळू, धाब्यावर चढून, पण मिळतं. अवघड असतो तो नंबर. परदेशी राहणाऱ्याकडे दोन सिम असतात: एक तिथलं, ज्यावर लॅपटॉप चालतो, आणि एक इथलं, जे जुन्या फोनमध्ये ड्रॉवरात पडून असतं आणि ज्यावर आपली ओळख चालते. बँक, आधार, भविष्य निर्वाह निधी, आयकर, सगळ्यांचा ओटीपी त्याच्यावर.

आमच्याकडे तर बाबांची ओळखही माझ्याच ड्रॉवरात होती. आधारचं काम झालं तेव्हा बाबा दर ऑफरमागं सिम बदलत, म्हणून मी शहाणपणानं माझा नंबर लावून दिला होता. पीएम किसानची वर्षाला ६,००० रुपयांची मदत २०१९ पासून त्यांच्या खात्यात येत होती. २०२२ मध्ये त्यासाठी ई-केवायसी सक्तीचं झालं. बाबा मूर्तिजापूरच्या केंद्रावर रांगेत, अकरा वाजलेले, आणि माझ्याकडे हिवाळ्यातले सकाळचे साडेसहा, बाहेर काळोख.

‘आला का व पोरी?’

‘नाही आला अजून. थांबा नं, बाबा.’

‘लवकर पाय. मांगं लोकं उभे हायेत.’

ओटीपी दहा मिनिटं टिकतो. तो आला, मी आकडे वाचले, बाबांनी ते ऑनलाइनवाल्या पोराला मोठ्यानं सांगितले, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले, आणि पोरगा म्हणाला सर्व्हर गेला, पुन्हा पाठवा. त्या दिवशी कुरूमच्या एका शेतकऱ्याची ओळख कार्ल्सरुहेतल्या एका खोलीतून वाचून दाखवली जात होती. रांगेत आणखी दोघं होते. एकाचा नंबर पुण्याला, एकाचा अमेरिकेत. अमेरिकेतला मुलगा झोपलेला होता. ते काका दुसऱ्या दिवशी परत आले.

ड्रॉवरातलं सिम जिवंत ठेवणं हे वेगळं काम आहे. ९० दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्याला दिला जातो. माझ्या ओळखीच्या एकाचा असा गेला. बँकेचे निरोप कोणा अनोळखी माणसाला जाऊ लागले, आणि आधारचा नंबर बदलायला त्याला सुट्टी काढून केंद्रावर अंगठा द्यायला यावं लागलं. आता मी अकोल्यात परत आले आहे आणि सगळं उलटं झालं आहे: ड्रॉवरात जर्मन सिम आहे, कारण तिथलं खातं अजून उघडं आहे आणि त्याचे निरोप त्याच्यावर येतात.

तेव्हा शिक्षणाला किंवा नोकरीला परदेशी निघालेल्या इथल्या पोरापोरींना एवढंच सांगते. तिथलं सिम विमानतळावर घाईनं घेऊ नका, पासपोर्टातलं नाव कसं छापलंय ते आधी बघून ठेवा. इथलं सिम वर्षभराच्या पॅकवर टाकून जा. डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं ट्रायनं डिसेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीनं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे, तेवढ्यावर भागतं. त्यावर रोमिंग इथूनच सुरू करून एक एसएमएस येतो का ते तपासा. आणि निघायच्या आधी आई-वडिलांना आधार केंद्रावर नेऊन त्यांच्या आधारला त्यांचाच नंबर लावून द्या. शेतकरी ओळख क्रमांकापासून सातबाऱ्यापर्यंतची पुढची कामं त्यांना इथं, सकाळी अकराच्या रांगेत उभं राहून करायची आहेत.